एका नाल्यावरची पाच गावं: पाण्याचा एकत्रित आराखडा कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच नाल्याच्या काठी पाच गावं आहेत आणि पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. जलयुक्त शिवारमधून खोलीकरण आणि सिमेंट बंधारे झाले, तरी मार्च उजाडला की खालच्या दोन गावांत टँकर सुरू होतो. खालची गावं म्हणतात वरच्यांनी पाणी अडवलं, वरची म्हणतात खालचे ऊस लावतात. पाचही ग्रामपंचायतींना मिळून आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करायची, मदत कोणाची मिळते, आणि तो कपाटात पडून राहू नये म्हणून काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे अजून दोन बंधारे मागण्याआधी हिशेब मांडा. गावोगावी ‘आराखडा’ या नावाखाली जे कागद असतात ते बहुतेक वेळा कामांच्या याद्या असतात: इथे बंधारा, तिथे खोलीकरण, अंदाजपत्रक इतकं. त्यात पाणी किती आलं, किती मुरलं आणि किती उपसलं जातं हे कुठेच नसतं. पाणी अडवण्याच्या कामांनी जमा वाढते, पण खर्चाला कोणी हात लावत नाही, आणि जमा वाढली की खर्च तिच्या पुढे धावतो. बंधाऱ्यात पाणी दिसलं की त्याच वर्षी त्याच्या काठी चार नव्या मोटारी बसतात. टँकर परत येतो तो इथून.

आता एकक ठरवू. आराखड्याचं एकक गाव धरू नका, नाल्याचं पाणलोट धरा. एखाद्या गावाचं निम्मं शिवार पलीकडच्या नाल्याकडे उतरत असेल तर ते क्षेत्र तुमच्या हिशेबात येत नाही. उलट सहाव्या गावाचे शे-दोनशे हेक्टर तुमच्या नाल्यात उतरत असतील तर त्या गावालाही बोलवावं लागतं. नकाशासाठी दोन ठिकाणी अर्ज करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे असतं. तिथे तुमच्या पाणलोटाचा क्रमांक, जवळच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आणि भूजल मूल्यांकनाचा अहवाल मिळतो. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे ओढे-नाले, उतार, जमीन वापर यांचे गाव पातळीपर्यंतचे नकाशे असतात. अर्ज पाचही ग्रामपंचायतींच्या ठरावासह, एका पत्रावर पाच शिक्क्यांनी करा. एकट्या गावाचा अर्ज आणि पाच गावांचा अर्ज यांना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो.

या अहवालात भूजल यंत्रणा पाणलोटाला ‘सुरक्षित’, ‘अतिशोषित’ अशी वर्गवारी देते, तिने हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. राज्यात या यंत्रणेने आखलेली पाणलोट क्षेत्रं साधारण दीड हजार आहेत. राज्याचं क्षेत्र सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका पाणलोटाला सरासरी दोनशे चौरस किलोमीटर, वीस हजार हेक्टर आले. तुमच्या नाल्याचं पाणलोट ४,००० हेक्टर धरलं तर तो त्यातला पाचवा हिस्सा. मूळ पाणलोट ‘सुरक्षित’ असेल तरी तुमचा नाला कोरडा असू शकतो. स्वतःची मोजणी टळत नाही.

मोजणी कुठली करायची? पर्जन्यमापक, विहिरी, बंधारे आणि पिकं, इतकंच. पण ते नीट.

पर्जन्यमापक प्रत्येक गावात एक. शाळेच्या पटांगणात, भिंत-झाडापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. वाचन रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसला तरी शून्याची नोंद करायची. महसूल मंडळाच्या ठिकाणचं स्वयंचलित हवामान केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असलं तर त्याचा आकडा तुमच्या शिवाराला लागू पडेलच असं नाही, विशेषतः सप्टेंबरातल्या वळवासारख्या पावसात. दीर्घकालीन सरासरी मात्र मंडळाचीच घ्या. नियोजनासाठी तीही नको, ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस काढा. मागच्या वीस वर्षांचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे ओळीने लिहायचे आणि सोळावा आकडा उचलायचा. चारपैकी तीन वर्षं किमान तेवढा पाऊस पडतो. सरासरीवर आखलेला आराखडा जवळजवळ एकाआड एक वर्षी खोटा ठरतो.

विहिरींची मोजणी हा या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. प्रत्येक गावातून आठ ते दहा विहिरी निवडा. माथ्याजवळच्या तीन, मधल्या तीन, नाल्याकाठच्या दोन-तीन, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कुठेही असली तरी धरायचीच. काठावर तेलरंगाने एक खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेवरून मोजा. मोजपट्टीच्या टोकाला नट-बोल्टचं वजन बांधलं की ती सरळ उतरते. वेळ सकाळची, मोटार सुरू व्हायच्या आधीची. रात्री मोटार चालली असेल तर ती विहीर त्या दिवशी सोडा, कारण भरून येत असलेल्या विहिरीची पातळी खोटी असते. काठ जमिनीच्या किती वर आहे ते एकदा मोजून ठेवा. खुणेपासून पाणी ९.४० मीटरवर आणि काठ जमिनीपासून ०.६० मीटर वर, तर नोंद ८.८० मीटर. हे वजा करायचं राहून गेलं की दोन विहिरींची तुलना करताना मोठी गफलत होते.

भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधतात आणि तहसीलचा टंचाई आराखडा त्यावर बेततो. तुमच्या चाळीस-पन्नास विहिरींची वही त्या वेळी हातात असली तर तालुक्याच्या बैठकीत तुमचा शब्द ऐकला जातो.

बंधाऱ्यांची क्षमता कागदावरून घेऊ नका. पाच-सात वर्षांत गाळाने निम्मी भरलेली साठवण जुन्याच आकड्याने धरली जाते. पाणी भरलेलं असताना दोरीने लांबी, तीन-चार ठिकाणी रुंदी आणि काठीने खोली घ्या. पाणी मागे निमुळतं होत जातं, म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले सर्वांत जास्त खोली, याच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मं धरा.

पिकांचं क्षेत्र ई-पीक पाहणीतून घ्या, पण बांधावर जाऊन ताडून पाहा. सामायिक खात्यांत आणि खंडाने केलेल्या जमिनींत फरक निघतो. मोटारींची संख्या महावितरणच्या शाखा कार्यालयातून घ्या आणि वीजतारेवर आकडे टाकून चालणाऱ्या मोटारी गावाने स्वतः मोजा. त्या नोंदीत कोणाचं नाव लिहू नका, फक्त संख्या लिहा. नाव लिहिलं की मोजणीच बंद पडते.

आता ताळेबंद. पद्धत दिसावी म्हणून आकडे गृहीत धरतो, तुमचे वेगळे येतील. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर. तीव्र उताराचे डोंगर वगळून पाणलोट ४,००० हेक्टर आणि पाऊस, इथे सोयीसाठी सरासरीचाच, ५५० मिमी धरला तर पडलेलं पाणी २२,००० टीसीएम. हा आकडा सभेत सांगितला की लोकांचे डोळे विस्फारतात, पण त्यातलं बहुतेक पाणी माती, झाडं, खरीप पीक आणि बाष्पीभवन यांचं आहे. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या साधारण ६ ते ८ टक्केच पाणी खाली मुरतं. ७ टक्के धरून १,५४० टीसीएम. बंधाऱ्यांची खरी साठवण ३०० टीसीएम, हंगामात दीड वेळा भरली तर ४५०, त्यातलं निम्मं मुरलं असं धरून २२५. एकूण १,७६५. यातलं दहा टक्के झऱ्यांवाटे आणि नाल्यातून आपोआप निघून जातं. उरलं सुमारे १,५९० टीसीएम. हे तुमचं वर्षाचं उत्पन्न.

हा आकडा विहिरींवरून पडताळून पाहायचा. मे ते ऑक्टोबर सरासरी पातळी ४ मीटर चढली असेल तर ४,००० हेक्टर गुणिले ४ मीटर गुणिले खडकाची पाणी देण्याची क्षमता. बेसाल्टमध्ये ही क्षमता एक ते तीन टक्के धरतात. एक टक्का धरला तर १,६०० टीसीएम येतात, दोन टक्के धरले तर ३,२००. पाहा, एका टक्क्याने उत्पन्न दुप्पट होतं. गावोगावचे ताळेबंद बिघडतात ते याच ठिकाणी: ज्याला जे हवं ते तो इथे घुसवतो. पावसावरून काढलेला आकडा आणि विहिरींवरून काढलेला आकडा जुळतो ती टक्केवारी घ्या, शंका असेल तर कमी घ्या. वरच्या भागात काळा फत्तर असेल तर टक्काभरसुद्धा मिळत नाही. मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) आणि मुरमाच्या पट्ट्यात दोन-तीनपर्यंत जातं. विहीर खोदणाऱ्या जुन्या कारागिरांना कुठल्या गटात किती हातांवर मुरूम संपला हे पाठ असतं, ते नकाशावर उतरवून घ्या.

खर्चाची बाजू. पिण्याला जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर. पाच गावांची लोकसंख्या ७,५०० असेल तर वर्षाला १५१ टीसीएम. मोठी जनावरं ४,००० असतील तर रोजी ५० लिटरने ७३ टीसीएम, शेळ्या-मेंढ्या ५,००० असतील तर ६ लिटरने ११. गळती धरून हे सगळं मिळून २६० टीसीएम. बस्स, एवढंच. सिंचनाला उरले १,३३०.

आता ऑक्टोबर ते मे दरम्यानचं सिंचन, हेक्टरी ढोबळ आकड्यांनी: हरभरा अडीच टीसीएम, गहू चार, रब्बी कांदा सहा, ठिबकवरची फळबाग सात, ऊस पंधरा. समजा हरभरा १५० हेक्टर (३७५), गहू ६० (२४०), कांदा ८० (४८०), फळबाग ३० (२१०), ऊस ४० (६००). एकूण १,९०५ टीसीएम. तूट ५७५. ही तूट भरून निघत नाही, ती मार्चमध्ये कोरड्या विहिरी होऊन समोर येते, आणि सर्वांत आधी कोरडी पडते ती उथळ विहीर. पुष्कळ गावांत ती पिण्याची असते.

सभेत फळ्यावर दोन ओळी लिहून दाखवा. दीड हजार वस्तीच्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी ३० टीसीएम. दोन हेक्टर उसाचं उन्हाळ्यापर्यंतचं पाणीही ३० टीसीएम. याहून सोपं करून सांगता येत नाही. पण ऊसवाल्यांना आरोपी करून उभंही करू नका. त्यांनी ऊस लावला कारण त्याला हमखास गिऱ्हाईक आहे आणि राखणीला माणूस लागत नाही. चाळीसातला वीस हेक्टर ऊस कमी झाला तर ३०० टीसीएम सुटतात. उरलेला ठिबकवर गेला तर पाव हिस्सा, म्हणजे आणखी ७५. कांदा ८० वरून ६० वर आणला तर १२०. गव्हाचे ३० हेक्टर हरभऱ्याकडे वळले तर ४५. बेरीज ५४०. तूट जवळजवळ मिटली आणि कोणाचंही शेत पडीक पडलं नाही. हे गणित गावासमोर, गावाकडूनच करून घ्यायचं, तयार कागद वाचून दाखवायचा नाही.

एक सूचना. सिंचनाचं थोडं पाणी परत मुरतं, ते मी मुद्दाम धरलेलं नाही. ठिबक वाढलं की ते जवळजवळ शून्य होतं. आणि ठिबकने वाचलेलं पाणी क्षेत्र वाढवण्यात गेलं तर बचत काहीच होत नाही, म्हणून ठिबकसोबत क्षेत्राची मर्यादाही ठरावात लिहावी लागते.

शेततळ्यांचंही स्पष्ट बोलायला हवं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, २,१९६ घनमीटर पाणी मावतं. नाल्याच्या पुराच्या पाण्याने ते भरलं तर उत्तम. पण प्लास्टिकचं अस्तर टाकून ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरीतून भरलं तर ती साठवणूक नव्हे, सामाईक भूजल उचलून खाजगी केलेलं पाणी आहे, शिवाय उन्हाळ्यापर्यंत त्यातलं मीटरभर पाणी उडून जातं. अशी पन्नास तळी म्हणजे ११० टीसीएम. ताळेबंदात त्यांचा स्वतंत्र रकाना ठेवा.

खोलीकरणाबद्दल. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला ते गाजलं, कारण तापीच्या गाळाच्या प्रदेशात वर चिकणमातीचा जाड थर होता आणि तो भेदल्यावर खालच्या वाळूपर्यंत पाणी पोचलं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये नाल्याच्या तळाशी मुरूम असतो, आणि मुरमातच काठच्या विहिरींचं पाणी फिरतं. तो खरवडून फत्तर उघडा पाडला तर नाला काठच्या विहिरींचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. नाल्यात पाणी दिसतं, विहिरी मात्र उतरतात. गाळ काढा, मुरूम लागला की थांबा. आणि दोन खोदीव टप्प्यांमध्ये न खोदलेला पट्टा ठेवा, नाहीतर पहिल्या पुराला काठ ढासळून सगळं पुन्हा भरतं.

नवी कामं मागायच्या आधी जुनी दुरुस्त करा. कोल्हापुरी बंधाऱ्यांची अवस्था पाहा. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, ऑक्टोबरच्या मध्याला, नाला अजून वाहता असताना घालायचे असतात. प्रत्यक्षात ते दिवाळीनंतर पडतात, तोवर वाहतं पाणी निघून गेलेलं असतं. रबरी पट्टी कुजलेली असते, दोन-तीन बर्गे वाकलेले किंवा चोरीला गेलेले, आणि एका फटीतून आठवड्यात सगळं पाणी खाली जातं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्गे मोजा, त्यांवर रंगाने क्रमांक घाला, रबर बदला, आणि ते ग्रामपंचायतीच्या कुलपाखाली ठेवा. जून उजाडायच्या आत ते काढणारा माणूसही नावानिशी ठरवा, नाहीतर पहिल्या पुरात बाजूची जमीन वाहून जाते. बर्गे घालण्याची तारीख पाच गावांनी मिळून ठरवायची: खालच्या बंधाऱ्यापासून सुरुवात करून वर यायचं, म्हणजे वरच्याने आधी अडवलं ही तक्रार उरत नाही.

माथ्यावरच्या कामांना मात्र पर्याय नाही. सलग समतल चर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल घेतला तर धावत्या मीटरला ०.१८ घनमीटर पाणी थांबतं. हेक्टरी ५०० मीटर चर म्हणजे एका भरतीला ९० घनमीटर. समतल रेषा नळी-पातळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) किंवा ए-फ्रेमने (A आकाराच्या चौकटीने) आखलेली हवी. डोळ्यांनी आखलेला चर एका टोकाला फुटतो आणि त्याची घळ होते. खालच्या गावांच्या बंधाऱ्यात गाळ येतो तो याच माथ्यावरून, म्हणून वरच्या गावाच्या माथ्यावर खालच्या गावांनी श्रमदान किंवा निधी देणं हा सौदा न्याय्य आहे. बदल्यात वरच्या गावाकडून काय घ्यायचं? नाल्यातून थेट उपसणाऱ्या मोटारी ठरल्या तारखेला बंद, आणि नवीन बोअर नाही.

इथे आपण कायद्याशी येतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यास बंधन आहे, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात नियंत्रण आहे. अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूदही याच कायद्यात आहे, आणि राज्य भूजल प्राधिकरणाचं काम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे. पण कायद्याची अंमलबजावणी आपोआप होत नाही. पिण्याच्या प्रत्येक उद्भवाची नोंद, त्याचे गट क्रमांक आणि ५०० मीटरचा वर्तुळ-नकाशा ग्रामपंचायतीने स्वतः तयार करून तहसील आणि भूजल कार्यालयात दिला तरच बोअरची गाडी शिवारात शिरल्यावर बोट ठेवायला कागद हाताशी असतो.

पिण्याची विहीर वाचवण्याचा सर्वांत पक्का उपाय मात्र आपसातला करार. विहिरीभोवती ज्यांच्या मोटारी आहेत असे दहा-पंधरा शेतकरी असतात. त्यांच्याशी ऑक्टोबरातच ठरवा: पिण्याच्या विहिरीची पातळी अमुक खुणेच्या खाली गेली की मोटार बंद. खूण विहिरीच्या आत रंगाने, सगळ्यांना दिसेल अशी. त्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी कमी पाण्याचं पीक घ्यावं आणि ग्रामपंचायतीने त्यांना ठिबक, शेतरस्ता अशा योजनांत प्राधान्य द्यावं. एप्रिलमध्ये विहीर अधिग्रहणाची नोटीस बजावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

अशा नियमांना आपल्याकडे आधार आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हता, माणशी होता. भूमिहीनांनाही हक्क होता आणि ऊस वर्ज्य होता. हिवरे बाजारला पोपटराव पवार यांच्या काळात सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडूनच रब्बी ठरवायचा, ही शिस्त बसली. हिवरे बाजारचे बंधारे बघायला बसगाड्या जातात, पण तिथे बघण्याजोगी गोष्ट ताळेबंदाचा फळा आहे. हे मात्र लक्षात घ्या की तिथे एक गाव आणि एक ग्रामसभा होती. तुमच्याकडे पाच सरपंच आणि पाच निवडणुका आहेत.

म्हणून संयुक्त समिती. प्रत्येक गावातून चार जण: सरपंच किंवा सदस्य एक, सिंचन करणारा एक, जनावरं पाळणारा पण विहीर नसलेला एक, आणि पाणी भरणाऱ्या घरातली बाई एक. शेवटचे दोघे नसले तर समिती मोटारवाल्यांची होते आणि पिण्याचा मुद्दा मागे पडतो. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, सुरुवात सर्वांत खालच्या गावापासून. सचिव पाचांपैकी एक ग्रामपंचायत अधिकारी, आणि वही कायम त्याच कार्यालयात. पाचही ग्रामसभांत एकाच मजकुराचा ठराव हवा, शब्दही बदलू देऊ नका. एका गावाने ‘शक्यतो’ हा शब्द घातला की बाकी चार ठरावही सैल पडतात.

वेळापत्रकाला सगळ्यात जास्त जपा. ठरलेल्या ग्रामसभांपैकी १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन तुमच्या. २ ऑक्टोबरला पाऊस पुरता संपलेला नसतो, म्हणून त्या दिवशी कच्चा आकडा सांगायचा आणि विहिरी मोजून २० ऑक्टोबरच्या आत विशेष ग्रामसभा घ्यायची. त्याहून उशीर झाला तर कांद्याची रोपं टाकली गेलेली असतात, आणि रोप टाकलेल्या माणसाला लागवड कमी कर म्हणणं व्यर्थ आहे. उसाचं गणित उलटं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे उसाची मर्यादा ऑक्टोबरात ठरवून उपयोग नाही, ती १ मेच्या सभेतच ठरायला हवी. बहुतेक गावांचे ताळेबंद अपुरे पडतात ते एवढ्याचसाठी: हिशेब ऑक्टोबरात होतो आणि सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक तोवर ढोपरभर वाढलेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. माथ्यावरचे चर आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीतून, गाळ काढणं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवारमधून, उद्भव बळकटीकरण वित्त आयोगाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या निधीतून, आणि ज्याला निधीचं कुठलंच लेखाशीर्ष सापडत नाही ते काम जिल्हा नियोजन समितीकडे. एक काम दोन योजनांत दाखवायचा मोह आवरा, पुढच्या लेखापरीक्षणात पाचही गावं अडकतात. अटल भूजल योजना राज्यातल्या १३ जिल्ह्यांत राबवली गेली. तुमच्यापैकी एखादं गाव त्यात असेल तर तिथे जल सुरक्षा आराखडा आणि मोजणीची साधनं आधीच असतील, ती शोधून काढा. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा गावाचा ताळेबंद कृषी विभागाकडे मिळू शकतो. त्यातलं पाण्याच्या हिशेबाचं साधन आयआयटी मुंबईने बनवलेलं आहे. तयार ताळेबंद मिळाला तरी पिकांचं क्षेत्र आणि बंधाऱ्यांची साठवण यांचे आकडे आपले घाला.

शेवटी, दुहेरी मोजणीपासून सावध राहा. पाच गावांचे पाच ताळेबंद करून बेरीज केली की वरच्या गावातून वाहून गेलेलं पाणी खालच्या गावाच्या जमेत पुन्हा येतं. तसंच विहिरींच्या चढावरून काढलेल्या आकड्यात बंधाऱ्यांतून मुरलेलं पाणी आधीच धरलेलं असतं, ते वेगळं मिळवायचं नाही. ताळेबंद एकच करा, पूर्ण पाणलोटाचा, आणि मग वाटणी करा.

पहिल्या वर्षी फक्त तीन नियम घ्या: पिण्याच्या विहिरीची खूण, नाल्यावरच्या मोटारी बंद करण्याची तारीख, नवीन बोअर नाही. पीक क्षेत्राची मर्यादा पहिल्या वर्षी शिफारस म्हणून सांगा, कारण आकड्यांवर अजून कोणाचा विश्वास बसलेला नसतो. मार्चला विहिरी पुन्हा मोजा आणि ऑक्टोबरात सांगितलेला अंदाज किती चुकला ते त्याच फळ्यावर, त्याच खडूने लिहा. अंदाज पंधरा-वीस टक्क्यांच्या आत बसला तर १ मेच्या सभेत उसाचा विषय काढता येतो. नाही बसला तर आधी पिकांचं क्षेत्र परत मोजा, चूक बहुधा तिथेच सापडते.